दादाच्या वहीतली मायकेल जॅक्सनची गाणी ओळखून द्याल का?

पंचगंगाकाठी

नमस्कार मंडळी. प्रश्न गाणी ओळखण्याचा आहे, पण आधी थोडं सांगितल्याशिवाय तो कळणार नाही.

आम्ही इचलकरंजीचे. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. १९९१ साली दहावी झाली, तो मागावर कामाला लागला आणि त्याच वर्षी कुठूनतरी मायकेल जॅक्सनचं गाणं त्याच्या कानावर पडलं. तेव्हापासून गल्लीत त्याचं नावच ‘मायकेल’. जुनी माणसं अजून तशीच हाक मारतात. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर शेवटचा नाच त्याचाच असायचा.

विकतची कॅसेट परवडायची नाही. स्टँडजवळच्या दुकानातून तो कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून आणायचा. नव्वद मिनिटांची कॅसेट आणि तिच्यावर पेनाने नुसतं ‘मायकेल १’, ‘मायकेल २’. गाण्यांची नावं नाहीत, आत कागद नाही. आम्ही दोघं मराठी शाळेतले. पण दादाला शब्द हवेच होते. ओठ गाण्याबरोबर हलले नाहीत तर नाच खोटा दिसतो, असं तो म्हणायचा. रात्रपाळी नसेल त्या रात्री टेपरेकॉर्डर मधे ठेवून आम्ही बसायचो. मी कांड्या भरायची आणि मधेमधे पॉजचं बटण दाबायची. तो ऐकायचा, लिहायचा आणि म्हणायचा, ‘मागं घे गं.’ एकेका ओळीसाठी वीस-वीस वेळा मागं घेतलेलं आहे.

ती वही गेल्या महिन्यात आईच्या ट्रंकेत सापडली. लाल कापडी बांधणीची हिशेबाची वही. कानाला जे आलं ते त्याने देवनागरीत लिहून ठेवलंय आणि कडेला त्याला लागलेला अर्थ. काही ठिकाणी स्टेप्ससुद्धा.

दिवाळीनंतर दादाला पन्नास वर्षं पूर्ण होतात. आयुष्य मागाच्या खडखडाटात गेलं, त्यात कान गेले. दोन वर्षांपूर्वी दोन्ही कानांना यंत्रं बसवली. बोललेलं कळतं, पण गाणी ऐकायची त्याने सोडलीत. ‘नुसता गोंगाट येतोय’ म्हणतो. मला वहीतली गाणी, वहीतल्याच क्रमाने, त्याला लावून द्यायची आहेत. त्यालाच विचारलं तर सगळं आधीच कळेल. इंटरनेटवर शोधायचा प्रयत्न केला, पण देवनागरीत टाकलं तर काही येत नाही आणि इंग्रजीत मी अंदाजाने लिहिलं की भलतीच पानं उघडतात.

जशी आहेत तशी उतरवून देते.

पान १. ‘चेअर इज नॉट माय सन.’ कडेला: खुर्ची माझा मुलगा नाही?? (दोन प्रश्नचिन्हं त्याचीच.) खाली: आधी लई वेळ नुसता ताल.

पान ३. ‘एनियारुओके’ आणि तेच पुन्हा पुन्हा. किती वेळा येतं ते मोजायला उभ्या रेघा मारून पाच-पाचचे गठ्ठे केलेत. अर्थ: एनी म्हणजे कोणीही. कोणी ठीक आहे का? खाली स्टेप: पुढे झुकणे. दोरी – बंड्या, सुन्या.

पान ४. ‘नाकू पेंडा पिया’, बाईच्या आवाजात, नुसतं बोललेलं. मग ‘लायब्ररी गल’. अर्थ: वाचनालयातली मुलगी.

पान ६. ‘मामासे मामासा मामाकुसा.’ अर्थाची जागा कोरी. ‘डिक्शनरीत नाही’ असं लिहून दोनदा अधोरेखित केलंय.

पान ७. हे सगळ्यात स्वच्छ लिहिलेलं पान. आवाज लहान मुलाचा आहे म्हणतो. अर्थ: मित्राचं गाणं. बाकी कोणाला नको असलेल्या मित्राचं.

पान ९. शब्दच नाहीत. पानभर ‘आऽऽऽ ऊऽऽऽ’, काही अक्षरं मोठी, काही बारीक. सुरुवातीला रानातला आवाज, असं वर लिहिलंय.

पान ११. ‘सडन फ्रॉम ग्रीस’. अर्थ: एकटा माणूस, पावसात चालतोय. शेवटी कुणीतरी हळू आवाजात दरडावतंय, भाषा इंग्रजी नाही. कडेला एकच शब्द: पोलीस?

कुणाला ओळखता येईल का? एखादं कळलं तरी चालेल.

तबकडी

ताई, सकाळपासून तुमचा धागा तीनदा वाचला. मी पुण्यात असतो, रेकॉर्ड जमवतो आणि या माणसाची गाणी मला जवळजवळ सगळी पाठ आहेत. तरीही पान १ वाचून थांबलो, कारण तुमच्या दादांनी जे लिहिलंय तेच मीही कित्येक वर्षं ऐकत होतो.

ते ‘बिली जीन’ आहे. शब्द खुर्ची नाही, ‘किड’ आहे, म्हणजे मूल. एक बाई म्हणते हे मूल तुझं आहे, आणि गाणारा म्हणतो, नाही. ‘क’ म्हणताना त्याच्या तोंडातून इतकी हवा येते की कानाला ‘च’ वाटतो. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांच्यातही हीच खुर्ची ऐकू येणारे पुष्कळ आहेत. तेव्हा ती दोन प्रश्नचिन्हं दादांच्या इंग्रजीमुळे आली असं समजू नका.

‘आधी लई वेळ नुसता ताल’ ही नोंद तर मला फारच आवडली. ड्रम आणि बेस साधारण २९ सेकंद वाजतात आणि मगच गाणं सुरू होतं. निर्माता क्विन्सी जोन्सला ते लांबलेलं वाटत होतं, त्याला तो भाग कापायचा होता. जॅक्सन अडून बसला. हेच ऐकून मला नाचावंसं वाटतं, असं त्याचं म्हणणं होतं. इचलकरंजीत नाचणाऱ्या मुलाने नेमकी तीच जागा टिपून ठेवावी यात मला काही नवल वाटत नाही. क्विन्सीला नावही बदलायचं होतं, लोकांना टेनिसवाली बिली जीन किंग आठवेल म्हणून. तेही जॅक्सनने ऐकलं नाही. गाणं जानेवारी १९८३ मध्ये आलं आणि अमेरिकेत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

त्याचे शब्द ओळखायला अवघड का जातात, त्याबद्दल थोडं. त्याला स्वरलिपी लिहिता-वाचता येत नव्हती. डोक्यातलं गाणं तो तोंडाने टेपरेकॉर्डरवर भरायचा: ड्रम तोंडाने, बेस तोंडाने, तंतुवाद्यांचे सूरसुद्धा तोंडाने. शब्द म्हणतानाही तोंडाची ती सवय सुटत नाही. उचकी, हुंकार, दात आवळून काढलेला श्वास हे सगळं तो तालाच्या ठोक्यावर टाकतो आणि त्यात शब्दाची शेपटी गिळली जाते. त्यामुळे कागदावर छापलेले शब्द आणि कानाला येणारे शब्द या दोन निराळ्या गोष्टी होतात. तुमच्याकडची वही दुसऱ्या गोष्टीची आहे, आणि ती फार कमी लोकांनी लिहून ठेवलीय.

पान ३ म्हणजे ‘स्मूद क्रिमिनल’. त्यावर कुणीतरी माझ्याहून चांगलं लिहील म्हणून सोडतो. पान ६ आणि ७ बद्दल रात्री लिहितो.

मिरजेची सिस्टर

पान ३ माझं.

मी मिरजेत परिचारिका आहे, बावीस वर्षं झाली. ताई, तुमच्या दादांनी जो अर्थ लावलाय तो चुकीचा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ‘एनी’ म्हणजे ‘कोणीही’ नाही, ते ‘अ‍ॅनी’ आहे, बाईचं नाव. तिला विचारतायत, अ‍ॅनी, तू ठीक आहेस ना? पण हा प्रश्न कुठून आला ते बघा.

छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन माणूस कसा वाचवायचा हे आम्हाला बाहुलीवर शिकवतात. जगात या कामासाठी जी बाहुली सगळ्यात प्रसिद्ध आहे तिचं नाव अ‍ॅन. नॉर्वेत आस्मुंड लेर्दाल नावाचा खेळणी बनवणारा माणूस होता, त्याने ती १९६० साली तयार केली. चेहरा घेतला पॅरिसमधल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून. ती सीन नदीत बुडून मेली आणि कुणीच तिला ओळखलं नाही, असं सांगतात. शिकणाऱ्याने पहिलं काम काय करायचं? बाहुलीचे खांदे हलवायचे आणि मोठ्याने विचारायचं, अ‍ॅनी, तू ठीक आहेस ना? इंग्रजीत शिकवताना तेच वाक्य पाठ करून घेतात. गाण्यात एका बाईवर तिच्या घरात हल्ला झालाय, ती पडलीय, आणि हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, कारण उत्तर येत नाही.

आम्हाला मराठीतून शिकवलं तेव्हा सिस्टर ट्यूटर म्हणायच्या, ‘खांदे थोपटा आणि हाक मारा, बाई, काय होतंय? ऐकू येतंय का?’ पहिल्या दिवशी रबरी बाहुलीला हाक मारताना माझा आवाजच निघेना. नंतर खऱ्या माणसांना इतक्या वेळा ही हाक मारलीय की आता हे गाणं लागलं तर मी हातातलं काम थांबवते. अल्बममध्ये ते सुरू होतं तेव्हा आधी श्वास आणि छातीचे ठोके ऐकू येतात, तेही बघा.

म्हणून म्हणते, ‘कोणी ठीक आहे का?’ हा अर्थ दादांनी अंदाजाने लावला, तरी तो गाण्याच्या अगदी जवळ पोचलाय.

दोरी – बंड्या, सुन्या म्हणजे काय, ते सांगाल का?

पंचगंगाकाठी

सिस्टर, वाचून डोळ्यांत पाणी आलं. खुर्चीचं आणि अ‍ॅनीचं कोडं एका दिवसात सुटेल असं वाटलं नव्हतं. तबकडीदादा, तुमचेही खूप आभार.

दोरीचं सांगते. एका व्हिडिओ पार्लरमध्ये दादाने तो नाच पाहिला होता. त्यात सगळे सरळ उभे असताना पाय न उचलता पुढे झुकतात आणि पडत नाहीत. दादा रोज गिरणीच्या मागच्या भिंतीजवळ तसं करायला जायचा आणि तोंडावर पडायचा. मग गणपतीत त्याने कोटाच्या आत कमरेला सुताची दोरी बांधली, कोटाला मागे भोक पाडून ती बाहेर काढली आणि पडद्यामागे बंड्या आणि सुन्या ती धरून बसले. स्टेजवर अंधार, एकच पिवळा दिवा. दादा झुकला आणि अख्खी गल्ली उभी राहिली. सूत मागावरचंच होतं, तिपेडी वळून मीच दिलेलं.

पण त्या रात्री घरी आल्यावर तो नाराज होता. म्हणाला, ‘मायकेल दोरी लावत नसणार. मी फसवलं लोकांना.’ ती गोष्ट त्याच्या मनातून गेली नाही. पुढच्या वर्षीपासून त्याने ती स्टेप केलीच नाही.

तबकडी

ताई, हे त्यांना नक्की सांगा: मायकेलनेही दोरीच लावली होती.

तो व्हिडिओ १९८८ चा. त्यातलं झुकणं तारा आणि कमरेचे पट्टे लावून केलेलं आहे. पुढे स्टेजवर रोज तारा बांधणं जमेना म्हणून त्याने आणि त्याच्या दोन कपडेवाल्यांनी, मायकेल बुश आणि डेनिस टॉम्पकिन्स यांनी, खास बूट तयार केले. टाचेत एक खाच. स्टेजच्या फळीतून वेळेवर एक खिळा वर यायचा, त्यात टाच अडकवायची आणि झुकायचं. २६ ऑक्टोबर १९९३ ला त्याचं अमेरिकन पेटंट मिळालं, त्यावर संशोधक म्हणून तिघांची नावं आहेत. म्हणजे तुमच्या दादांनी १९८८ ची पद्धत स्वतःच्या डोक्याने शोधून काढली. यात फसवणूक कसली?

आता पान ६. डिक्शनरीत नाही, कारण ते इंग्रजीच नाही. गाणं ‘वॉना बी स्टार्टिन समथिन’, ‘थ्रिलर’ या १९८२ च्या अल्बमातलं पहिलं. त्याच्या शेवटी जो घोष येतो त्याचं मूळ कॅमेरूनमध्ये आहे. तिथला सॅक्सोफोनवादक मनू दिबांगो, त्याचं १९७२ चं ‘सोल मकोसा’. मकोसा हा तिकडचा नाचगाण्याचा प्रकार आणि भाषा दुआला. दिबांगो त्या शब्दाशी खेळतो, तोच मोडतो, तोच तोतरा करतो: मामाको, मामासा, मकोमकोसा. जॅक्सनने ते थोडं बदलून घेतलं आणि दिबांगोला विचारलं नाही. प्रकरण वकिलांपर्यंत गेलं आणि पैसे देऊन मिटलं. माझ्या मते जॅक्सनने ते नाव सुरुवातीलाच छापायला हवं होतं. इतकी गोड जागा दुसऱ्याच्या अंगणातून आणायची तर त्याचं नाव मोठ्याने घ्यावं.

पान ७ ‘बेन’ असणार. १९७२ चं, जॅक्सन तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा. भावंडांशिवाय एकट्याने गायलेलं त्याचं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं हे पहिलं गाणं. संथ आहे, उचक्या नाहीत, म्हणून दादांचं पान स्वच्छ उतरलं. बाकी कोणाला नको असलेला मित्र हा अर्थ तंतोतंत. फक्त तो मित्र उंदीर आहे. त्याच नावाच्या सिनेमासाठी लिहिलेलं गाणं, आणि सिनेमात बेन हा उंदीर. डॉन ब्लॅकने शब्द असे लिहिलेत की उंदीर हा शब्द गाण्यात एकदाही येत नाही. नुसत्या शब्दांवरून हे गाणं ओळखायला बसलात तर जन्मभर माणूसच वाटेल, आणि ते तसंच वाटावं अशी त्याची रचना आहे.

नैरोबीकर

पान ४ पाहिलं आणि ऑफिसात मोठ्याने वाचलं. शेजारच्या टेबलावरची बाई वळून बघायला लागली!

मूळचा साताऱ्याचा, सोळा वर्षं नैरोबीत. ती ओळ स्वाहिली आहे. ‘नाकुपेंडा पिया, नाकुटाका पिया, म्पेंझी वे.’ माझंही तुझ्यावर प्रेम आहे, मलाही तू हवी आहेस, प्रिये. ‘नाकुपेंडा’ इथे बसमध्ये, रेडिओवर, रिक्षाच्या मागे लिहिलेलं, रोज भेटतं. दादांनी ‘पेंडा’ अगदी बरोबर लिहिलंय, आणि ‘पिया’सुद्धा. रोमन लिपीतून वाचणारे तो ‘ड’ नाही तर ‘द’ म्हणतात, हे मी इथे आलेल्या कितीतरी पाहुण्यांकडून ऐकलंय. फक्त कानावर लिहिल्यामुळे तुमच्या वहीत तो शुद्ध उतरला.

गाणं ‘लायबेरियन गर्ल’, १९८७ च्या ‘बॅड’ मधलं. बोलणारा आवाज लेट्टा म्बुलू या दक्षिण आफ्रिकेच्या गायिकेचा. लायबेरिया मात्र आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला आहे आणि स्वाहिली पूर्वेकडची. तिथल्या मुलीला ही भाषा कळणारच नाही. कोकणातल्या मुलीला बंगालीत प्रेम सांगण्यासारखं झालं. इथल्या मित्रांना हे सांगितलं की ते खांदे उडवतात आणि म्हणतात, आमची भाषा जगभर ऐकू गेली, तेवढं पुरे. मलाही आता तसंच वाटतं.

‘लायब्ररी गल’ दादांना कशी वाटायची, ते कधी बोलले का?

पंचगंगाकाठी

हो! आपटे वाचन मंदिरात एक मुलगी मासिकं घ्यायला यायची, गाणं तिच्यासारख्या मुलीचं आहे असं त्याने मला सांगितलं होतं. पुढे काही झालं नाही. वैनी वेगळ्या. एवढंच लिहिते.

उंदराचं मात्र मला त्याला सांगवेना झालंय. ते पान त्याने सुन्यासाठी लिहिलं होतं. सुन्याला त्याच्या घरचे बोलत नव्हते तेव्हाची गोष्ट आहे. पान फाडून द्यायचं म्हणून ते इतकं स्वच्छ काढलंय, आणि मग दिलंच नाही.

मिरजेची सिस्टर

मग नका सांगू. गाण्यात उंदीर नाहीच, तर वहीत तरी कशाला आणायचा.

सात बंगला

पान ९ आणि ११ माझ्याकडून घ्या. १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीच्या क्रीडासंकुलात मी होतो. त्याचा भारतातला तेवढाच एक कार्यक्रम. विमानतळावर सोनाली बेंद्रे नऊवारीत ओवाळायला उभी होती, तो फोटो तुम्ही पाहिला असेल.

पान ९, ‘अर्थ साँग’. दादांनी काही सोडलेलं नाही, त्याचं धृपद खरोखरच बिनशब्दांचं आहे. कडव्यांत तो विचारत राहतो: सूर्योदयाचं काय, पावसाचं काय, हत्तींचं काय, आणि धृपदाला आला की शब्द संपतात आणि नुसता ‘आ’ आणि ‘ऊ’ उरतो. गाण्याचं नावही गाण्यात कुठे येत नाही. शब्दांवरून ओळखायचं म्हटलं तर हे त्याचं सगळ्यात अवघड गाणं, आणि एकदा ऐकलं की सगळ्यात सोपं. ब्रिटनमध्ये १९९५ च्या नाताळात ते पहिल्या क्रमांकावर होतं, सहा आठवडे टिकलं. अमेरिकेत सिंगल म्हणून काढलंच नाही.

त्या रात्री स्टेजवर रणगाडा आला होता. माझ्याभोवतीच्या लोकांना गाण्याचे शब्द येत नव्हते. ‘बिली जीन’च्या वेळी सगळे नुसते ओरडत होते. पण या धृपदाला माझ्या डावीकडे एक दूधवाले काका होते, त्यांनी तोंड उघडलं आणि ‘आऽऽ’ लावला, थेट भजनात लावतात तसा. मग पुढची रांग, मग मागची. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. त्यानंतर पुष्कळ मैफली ऐकल्या, पण अनोळखी माणसांबरोबर एकच स्वर लावून उभं राहिल्याचं ते सुख मला पुन्हा कुठे मिळालं नाही.

पान ११, ‘स्ट्रेंजर इन मॉस्को’. सप्टेंबर १९९३ मध्ये तो मॉस्कोत गायला गेला होता, धो धो पावसात कार्यक्रम झाला. त्याच्यावर तेव्हा आरोप झालेले, वर्तमानपत्रं रोज भरलेली. तिथेच त्याने हे लिहिलं. दादांना ‘ग्रीस’ वाटलेला शब्द ‘ग्रेस’ आहे: मान होता, तो एका क्षणात गेला, अशी ती ओळ. शेवटचा आवाज रशियन. सोव्हिएत काळातला चौकशी अधिकारी विचारतोय, पश्चिमेकडून इथे कशाला आलास, कबूल कर. ताई, दादांनी ‘पोलीस?’ लिहिलंय. भाषेचा एक शब्द कळत नसताना त्यांनी माणूस ओळखला.

ते अंधेरीला आले होते का?

पंचगंगाकाठी

नाही. दिवाळी तोंडावर होती, माग दोन्ही पाळ्यांत चालू, मालकाने कुणालाच सुट्टी दिली नाही. त्या संध्याकाळी त्याने मागावर उभ्याने पाळी केली. एवढंच म्हणाला होता, ‘आत्ता सुरू झालं असंल.’ धोट्याच्या आवाजात तो काहीतरी म्हणत होता ते मला दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

आता सिस्टर, तुम्हाला एक विचारायचं आहे. गाणी तर सगळी मिळाली. पण त्याला ती ऐकू येतील का? ‘गोंगाट’ म्हणतो त्याचं काय करायचं?

मिरजेची सिस्टर

मी कानाची डॉक्टर नाही. पण आमच्याकडे मागवाले इतके येतात की थोडं सांगू शकते.

मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं राहिलं की आधी वरच्या पट्टीचं ऐकणं जातं, साधारण ४,००० हर्ट्झच्या आसपास. स, श, फ, त, क यांसारख्या व्यंजनांची ओळख पटते ती बरीचशी तिथेच. म्हणून या माणसांना ‘आवाज येतो पण शब्द कळत नाही’. स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, ते टिकतात. ढोल, बेसही बराच टिकतो.

दुसरं, यंत्रं बोलणं ऐकण्यासाठी लावलेली असतात. बारीक आवाज मोठा करायचा, मोठा दाबायचा, सारखा एकसूर आवाज शिटी समजून कापायचा, अशी त्यांची कामं. बोलण्याला ते बरं, गाण्याची मात्र वाट लागते. बऱ्याच यंत्रांत गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम असतो, तो चालू करावा लागतो. ज्यांनी यंत्र बसवलं त्या ऑडिओलॉजिस्टकडे दादांना घेऊन जा आणि स्पष्ट विचारा, गाण्याचा प्रोग्रॅम आहे का. वाढदिवसाआधी जा, कारण एका फेरीत बसत नाही. आणि आवाज फार मोठा करू नका, त्याने शब्द कळत नाहीत, त्रास मात्र होतो.

क्रमही बदलून बघा. अ‍ॅनीचं गाणं सगळं त आणि क वर उभं आहे, त्याने सुरुवात करू नका. पान ९ पासून करा. त्यात नुसते स्वर आहेत.

पंचगंगाकाठी

चौदा दिवसांनी लिहितेय.

कोल्हापूरला दोन फेऱ्या झाल्या. कारण सांगितलं, सरकारी कागदासाठी यंत्र तपासून घ्यायचंय. प्रोग्रॅम होता, कधी चालू केलाच नव्हता. तिथल्या मुलीने पंधरा मिनिटं बसून सगळं पुन्हा लावून दिलं.

वाढदिवसापर्यंत थांबायचं ठरवलं होतं, पण मला राहवलं नाही. काल रात्री जेवणं झाल्यावर पुतण्याचा छोटा स्पीकर ताटांच्या बाजूला ठेवला आणि पान ९ लावलं. आवाज बेताचा. दादा मोबाइलमध्ये वीजबिल बघत होता. सुरुवातीला रानातला आवाज झाला, कडवं झालं, त्याने मान वर केली नाही. वैनींनी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच ‘नाही’ म्हटलं.

मग धृपद आलं. दादाने मोबाइल पालथा ठेवला आणि तळहात स्पीकरशेजारी, टेबलावर टेकवला. ओठ हलले, अगदी थोडे. आवाज काढला नाही. संपत आलं तसं माझ्याकडे न बघताच म्हणाला, ‘मागं घे गं.’

सात वेळा मागं घेतलं. पुतण्या म्हणत होता, आत्या, रिपीटवर टाक ना. मी नाही टाकलं, हातानेच घेतलं.

वही अजून दाखवलेली नाही. दोरीचं आणि तारांचं मात्र सांगून टाकलं. त्याने पेटंटवरचं चित्र बघायला मागितलं, बुटाची खाच मोठी करून बघितली आणि विचारलं, ‘खिळा खालून वर कोण सारायचं?’ तबकडीदादा, हे तुम्हाला माहीत असेल तर लिहा, त्याला उत्तर हवंय. पान १३ राहिलंय. त्यात शब्द एकही नाही, पावलांची चित्रं आहेत आणि खाली ‘हू’ असं अकरा वेळा. उद्या फोटो काढून टाकते.